सापांची माहिती देणारे साधे वेब अ‍ॅप : रचना आणि जबाबदारी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून सभागृहातील काही ज्येष्ठांना आश्चर्य वाटले असेल. साप आणि संगणक यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना हा विषय नवा नाही. प्राण्यांची माहिती दाखविणारे साधे वेब अ‍ॅप तयार करणे, हा त्यांच्या शिक्षणातील अगदी पहिल्या प्रकल्पांपैकी एक असतो. प्राण्याचे नाव, छायाचित्र, आहार, आढळण्याचे ठिकाण इतकी माहिती पडद्यावर दिसली की प्रकल्प पूर्ण झाला असे मानले जाते. सिंह, जिराफ, पेंग्विन हे प्राणी निवडले आणि एखादा तपशील चुकला, तरी कोणाचे फारसे बिघडत नाही.

साप निवडला की मात्र चुकीची किंमत बदलते. 'ईलाइफ' या संशोधनपत्रिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांत बहुसंख्य माणसे ग्रामीण भागातील होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला आणि भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. दुसरीकडे, भीतीपोटी दरवर्षी असंख्य निरुपद्रवी साप काठीखाली मारले जातात. अचूक माहितीने माणूस आणि साप या दोघांचेही प्राण वाचू शकतात, आणि चुकीच्या माहितीने दोघांचेही जाऊ शकतात. म्हणूनच महाराष्ट्रातील सापांची माहिती देणारे एक साधे वेब अ‍ॅप कसे घडते आणि ते घडविणाऱ्याने कोठे थांबून विचार करावयास हवा, याचा ऊहापोह येथे करावयाचा आहे.

प्रथम वेब अ‍ॅप म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्नने ते तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. वेबचे मूळ सूत्र आजही तेच आहे. वाचकाच्या मोबाइलमधील ब्राउझर एक पत्ता देऊन मागणी नोंदवितो. दूर कोठेतरी असलेला सर्व्हर नावाचा संगणक त्या मागणीला उत्तर म्हणून पान पाठवितो. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक गादीशी बसून वाण सांगते, नोकर आतून तागा आणून उलगडतो, तसाच हा व्यवहार होय.

ही उपमा थोडी पुढे नेता येईल. दुकानात मालाची नोंद साठावहीत असते. कोणता वाण, किती पन्हा, किती मीटर, कोणत्या गिरणीचा, काय भाव, हे सारे तेथे सापडते. दर्शनी काचेमागील मांडणी निराळी असते. दिवाळीला ती एका प्रकारे होते, लग्नसराईत दुसऱ्या प्रकारे. मांडणी बदलली म्हणून साठावही नव्याने लिहावी लागत नाही. चांगल्या वेब अ‍ॅपचा पहिला नियम हाच आहे. माहिती एकीकडे आणि तिची मांडणी दुसरीकडे. नवशिका विद्यार्थी प्रत्येक सापासाठी स्वतंत्र पान हाताने लिहितो. दहा सापांपर्यंत ते निभावते. पन्नास साप झाले आणि प्रत्येक पानावर एक ओळ वाढवावयाची ठरली, की पन्नास ठिकाणी हात घालावा लागतो आणि त्यांतील दोन-चार ठिकाणे हमखास सुटतात.

म्हणून माहिती एका स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतात. त्यासाठी जेसन नावाची लेखनपद्धती सर्वत्र रूढ आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० नंतरच्या दशकात तिचा पुरस्कार केला. ती इतकी सोपी आहे, की संगणक न शिकलेला मनुष्यही ती वाचू शकतो. डावीकडे रकान्याचे नाव, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे, उजवीकडे त्या रकान्यातील नोंद. असे काही रकाने मिळून एका सापाची नोंद होते आणि अशा अनेक नोंदी मिळून फाइल. मांडणीसाठी एचटीएमएलमध्ये एकच नमुना-पान तयार करतात, रंगरूप सीएसएसने देतात, आणि जावास्क्रिप्ट किंवा पायथन या भाषेतील एक छोटा कार्यक्रम फाइलमधील एकेक नोंद उचलून नमुन्यात बसवितो. शंभर सापांची शंभर पाने अशा रीतीने एकाच साच्यातून निघतात. एवढे साधले की अ‍ॅपचा सांगाडा उभा राहिला. दोन-चार दिवसांत हे काम होते.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो, आणि तो रकान्यांचा आहे.

कोणत्याही विद्यार्थ्याला प्रथम सुचणारा रकाना म्हणजे 'विषारी आहे का?'. उत्तर 'हो' अथवा 'नाही'. संगणकाला अशी दोनच उत्तरांची नोंद फार आवडते. परंतु सापांचे जग या दोन खणांत मावत नाही. मराठीने फार पूर्वीच तिसरा शब्द दिलेला आहे, तो म्हणजे निमविषारी. हरणटोळ आणि मांजऱ्या हे साप त्या वर्गात मोडतात. त्यांचे विष सरडे-बेडकांसारख्या भक्ष्यासाठी पुरेसे असते. माणसाला त्यापासून सहसा धोका नसतो. त्यांना विषारी म्हटले तर विनाकारण मारले जातील, बिनविषारी म्हटले तर ते असत्य ठरेल. तेव्हा दोन नव्हे तर किमान तीन उत्तरे हवीत.

परंतु तीनही पुरेशी नाहीत, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा येथेच आहे. समजा, एका विद्यार्थ्याने चाळीस सापांची नोंद करावयास घेतली. मण्यारीची नोंद करताना रात्र झाली. नाव, लांबी, आहार भरून झाले. विषाचा रकाना 'उद्या पुस्तक पाहून भरू' म्हणून त्याने रिकामा सोडला आणि दुसऱ्या दिवशी तो विसरला. त्याच्या कार्यक्रमात अट अशी आहे की, विषाच्या रकान्यात 'हो' असेल तर लाल पट्टी आणि 'विषारी' हा शब्द दाखवावा, नसेल तर हिरवी पट्टी आणि 'बिनविषारी' हा शब्द. आता जावास्क्रिप्टमध्ये अट तपासताना 'नाही', शून्य आणि रिकामी जागा या तिन्ही गोष्टी सारख्याच असत्य धरल्या जातात. परिणामी मण्यारीच्या, म्हणजे भारतातील अत्यंत जहाल विषारी सापांपैकी एकाच्या, पानावर हिरवी पट्टी झळकते. कोठेही चूक दाखविली जात नाही. पान सुबक दिसते, कार्यक्रम सुरळीत चालतो आणि शिक्षकही पूर्ण गुण देतात.

रकाना भरला तरी हा धोका टळतो असे नाही. रकान्याचे नाव 'विषारी' असे ठरलेले असताना एका नोंदीत चुकून ऱ्हस्व वेलांटी पडून 'विषारि' असे टंकले गेले, तर संगणकाच्या लेखी तो रकाना अस्तित्वातच नाही. म्हणजे पुन्हा रिकामी जागा आणि पुन्हा हिरवी पट्टी. एका वेलांटीने सापाचे विष उतरले! मांत्रिकालाही न जमणारी ही किमया संगणक विनासायास करून दाखवितो.

हिशेबाच्या वहीत ही चूक कोणताही जाणता मुनीम होऊ देणार नाही. एखाद्या खात्यापुढे आकडा लिहिलेला नसेल, तर बाकी शून्य आहे असे तो म्हणत नाही. नोंद व्हावयाची राहिली आहे असे म्हणतो. 'येणे नाही' आणि 'येणे किती ते अद्याप ठाऊक नाही' या दोहोंतील अंतर न ओळखणाऱ्याची पेढी फार दिवस टिकत नाही. संगणकशास्त्रालाही हा धडा महागात पडून मिळाला. टोनी होअर या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एका संगणकभाषेत 'काहीही नाही' दर्शविणारा संकेत सोयीसाठी घातला. त्यातून पुढे जगभर इतक्या चुका झाल्या की २००९ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर व्याख्यानात त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. आपली चूक अशी भर सभेत मान्य करणे हीदेखील मोठीच गोष्ट होय.

यावरील उपाय अवघड नाही. रकान्यात 'हो-नाही' न ठेवता चार शब्द ठरवावेत : विषारी, निमविषारी, बिनविषारी आणि पडताळणी बाकी. या चारांखेरीज दुसरे काही आढळले, अथवा काहीच आढळले नाही, तर पान दाखवूच नये, अशी आज्ञा कार्यक्रमाला द्यावी. 'पडताळणी बाकी' या नोंदीला हिरवी पट्टी कधीही मिळू नये. तेथे 'हा साप विषारी आहे असे समजूनच दूर राहावे' असे स्पष्ट लिहावे. शिवाय, वर्षअखेरीस वहीचा ताळा पाहतात त्याप्रमाणे, अ‍ॅप लोकांपुढे ठेवण्यापूर्वी सर्व नोंदी तपासणारा दहा-पंधरा ओळींचा वेगळा कार्यक्रम लिहावा. कोणता रकाना रिकामा आहे, कोणते नाव दोनदा आले आहे, कोणत्या नोंदीला आधार दिलेला नाही, याची यादी तो काही क्षणांत देतो. एवढ्या थोड्या ओळींत मोठा अनर्थ टळतो. पट्टीच्या रंगाबरोबर शब्दही अवश्य लिहावा, कारण लाल आणि हिरव्यातील फरक ज्यांना दिसत नाही अशा व्यक्तीही आपल्यात असतात.

दुसरा प्रश्न नावांचा. महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आता 'घोणस' हा शब्द शोधपेटीत टंकला, तर त्याच नावाचा आणखी एक साप पुढे येतो, तो म्हणजे डुरक्या घोणस. नावात घोणस असली तरी हा साप पूर्णपणे बिनविषारी आहे. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डुरक्याच्या अंगावर वेडेवाकडे डाग असतात. दोन्ही नोंदी एकाखाली एक आल्या आणि त्यांतील भेद सांगितला नाही, तर वाचक एकीची माहिती दुसरीला लावणार. म्हणून प्रत्येक नोंदीत 'यासारखा दिसणारा किंवा यासारख्या नावाचा साप' असा रकाना असलाच पाहिजे आणि त्यातून दुसऱ्या पानाकडे जाता आले पाहिजे.

मण्यार आणि कवड्या यांच्या बाबतीत हा रकाना जीवनमरणाचा ठरतो. दोघेही रात्री फिरतात, दोघेही घरात शिरतात, दोघांच्याही अंगावर पांढरट आडवे पट्टे असतात. कवड्या बिनविषारी आहे. त्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक ठळक होतात. शिवाय तिच्या पाठीच्या मध्यभागी षट्कोनी आकाराच्या मोठ्या खवल्यांची एक रांग असते. हा भेद दोन छायाचित्रे शेजारी ठेवून दाखविला तर पटकन ध्यानात येतो. मात्र अंधारात, घाईत, जिवंत सापासमोर उभे राहून तो पारखावयाचा नसतो, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

मराठी लेखनाचा स्वतंत्र प्रश्न आहेच. फाइलमध्ये 'फुरसे' लिहिलेले असते आणि वाचक बोलण्यातल्याप्रमाणे 'फुरसं' असे टंकतो. कोणी मण्यार लिहितो, कोणी मन्यार. संगणक अक्षराला अक्षर जुळवून पाहत असल्यामुळे 'असा साप आढळला नाही' असे उत्तर देऊन मोकळा होतो. त्याकरिता प्रत्येक नोंदीत प्रचलित पर्यायी नावांचा आणि लेखनभेदांचा रकाना ठेवावा. मजकूर युनिकोडमध्येच असावा. एकेकाळी मराठीची अनेक संकेतस्थळे विशिष्ट फाँटवर अवलंबून असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजी निरर्थक खुणा उमटत आणि शोध तर घेताच येत नसे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान आहे. आज ती अडचण राहिलेली नाही. पानाच्या आरंभी यूटीएफ-८ ही लिपीसंकेताची एक ओळ तेवढी विसरू नये.

शास्त्रीय नावही नोंदवावे, पण ते अंतिम समजू नये. घोणशीचे शास्त्रीय नाव जुन्या ग्रंथांत 'व्हायपेरा रसेली' असे आढळते. आज ती 'डाबोया रसेली' म्हणून ओळखली जाते. संशोधन पुढे जाते तशी नावे बदलतात. म्हणून प्रत्येक सापाला अ‍ॅपमध्ये एक स्वतंत्र क्रमांक द्यावा. नाव बदलले तरी खातेक्रमांक बदलत नाही, हे तत्त्व येथेही उपयोगी पडते. माहितीचा आधारही प्रत्येक नोंदीत असावा. रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले भारतीय सापांवरील मार्गदर्शक पुस्तक, किंवा पीटर उएट्झ यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला सरपटणाऱ्या प्राण्यांचा जागतिक माहितीकोश, असे विश्वासार्ह आधार उपलब्ध आहेत. त्याबरोबर नोंद कोणी आणि कोणत्या तारखेस तपासली, हेही लिहावे. सही आणि तारीख नसलेली पावती ग्राह्य धरली जात नाही, तोच न्याय माहितीलाही लावला पाहिजे.

छायाचित्रांबाबत दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, छायाचित्र ही ते काढणाऱ्याची मालमत्ता असते; संमतीवाचून ते घेऊ नये आणि घेतल्यास त्याचे नाव द्यावे. दुसरी, मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र कित्येक मेगाबाइटचे असते. तेच योग्य आकारात आणून साठवले तर शंभर-दीडशे किलोबाइटमध्ये बसते आणि डोळ्यांना फरकही जाणवत नाही. ज्या शेतकऱ्याला या माहितीची सर्वाधिक गरज आहे, त्याच्या शिवारात बहुधा नेटवर्क क्षीण असते. पान हलके असेल तरच ते त्याच्यापर्यंत पोहोचेल. एकदा उघडलेली पाने मोबाइलमध्ये साठवून नेटवर्कशिवायही दाखविण्याची सोय आजच्या ब्राउझरमध्ये आहे. तिचा उपयोग जरूर करून घ्यावा.

आता एका नाजूक बाबीकडे वळू. पुष्कळ विद्यार्थ्यांना नकाशा जोडण्याचा मोह होतो. कोणता साप नेमका कोठे दिसला, याचा ठिपका नकाशावर उमटला की अ‍ॅप आकर्षक दिसते. परंतु मांडुळाचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. हा पूर्णपणे निरुपद्रवी, बिनविषारी साप आहे. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असल्याने लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. त्याच्यामुळे गुप्तधन मिळते, त्याला लाखोंचा भाव येतो, अशा खुळ्या समजुतींपायी त्याची चोरटी विक्री होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला, तरीही मांडूळ विकताना पकडले गेल्याच्या बातम्या येतच राहतात. अशा प्राण्याचे नेमके ठिकाण प्रसिद्ध करणे म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणेच होय. छायाचित्राच्या फाइलमध्येसुद्धा ते जेथे काढले त्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. ते काढून टाकल्याशिवाय छायाचित्र लोकांपुढे ठेवू नये. आयनॅचरलिस्ट या जागतिक संकेतस्थळावर संकटग्रस्त प्राण्यांचे नेमके ठिकाण न दाखविता सुमारे वीस किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात कोठेतरी असा मोघम ठिपका दाखविला जातो. साध्या अ‍ॅपने केवळ जिल्ह्याचे नाव द्यावे. ठाऊक असलेले सर्व काही सांगितलेच पाहिजे असे नाही. ज्या सांगण्याने जीवाची हानी होईल ते न सांगणे हाही सत्याचाच एक भाग आहे.

शेवटी, असे अ‍ॅप कशासाठी नाही, हे ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. सर्पदंश झाल्यावर साप ओळखत बसण्यासाठी ते नाही. भारतातील रुग्णालयांत मिळणारे प्रतिविष उपरोल्लेखित चारही प्रमुख सापांच्या विषावर चालणारे असते आणि डॉक्टर लक्षणे पाहून उपचार ठरवितात. म्हणून साप ओळखण्यात किंवा त्याला पकडण्यात वेळ दवडू नये. मण्यारीच्या दंशात तर वेदना आणि सूज फारशी नसते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास मंदावतो. अशा वेळी 'विशेष काही दिसत नाही, कवड्या असावा' असा दिलासा मोबाइलच्या पडद्याने दिला, तर तो दिलासाच प्राणघातक ठरेल. म्हणून प्रत्येक पानाच्या अगदी वर, सापाच्या नावाच्याही आधी, पुढील आशयाची सूचना असावी : साप चावला असल्यास हे पान वाचत थांबू नका. रुग्णाला धीर द्या. चावा घेतलेला अवयव हलू देऊ नका. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा. चिरा मारू नका, तोंडाने विष शोषू नका, दोरी आवळून बांधू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने तत्काळ रुग्णालय गाठा.

माहिती आणि मांडणी वेगळी ठेवणे, नावे व लेखनभेद सांभाळणे, आधार आणि तारीख लिहिणे, ठिकाण झाकणे ही सारी तंत्रे एका महिन्यात शिकता येतात. ज्या गोष्टीला मुरावे लागते ती एकच : जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' असे लिहिण्याचे धैर्य. संगणकाला ते धैर्य नसते. रिकाम्या जागेत काय वाचावे, हे त्याला कोणीतरी शिकवावे लागते. येथे उपस्थित असलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी असे अ‍ॅप तयार करील, तेव्हा चाळीसांपैकी दहाच साप त्यात असले तरी हरकत नाही. ते दहा पडताळलेले असावेत आणि उरलेल्या तीसांपुढे प्रामाणिकपणे 'पडताळणी बाकी' असे लिहिलेले असावे. ते वाचून एखाद्या आईचे मूल वेळेवर रुग्णालयात पोहोचले आणि एखाद्या कवड्यावर उगारलेली काठी खाली आली, तर त्या प्रकल्पाला दिलेले श्रम सार्थकी लागले असे समजावे.